दोन शॉकअप आणि एक स्वारी

बायकोने मागच्या सीटचा राजीनामा दिला तो बाजारातून परतताना, एका गतिरोधकावर. राजीनामा लेखी नव्हता, तोंडीही नव्हता. गाडीचा वेग कमी झाला तशी ती सरळ उतरली, टोमॅटोची पिशवी छातीशी धरली आणि फुटपाथवरून चालू लागली. स्वारीला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हे घरी पोचल्यावर कळलं. तोवर तो साधी मोटरसायकल आणि टूरिंग मोटरसायकल यांतला मूलभूत फरक रस्ताभर समजावून सांगत होता, आणि बायको प्रथमच मधे बोलत नाही म्हणून त्याला थोडं भरूनही आलं होतं.

"मागून एक अख्खं माणूस उतरलं," घामाघूम बायको दारात उभी राहून म्हणाली, "आणि गाडी हलकी झाल्याचंसुद्धा तुला कळलं नाही?"

"टूरिंगची गाडी आहे," स्वारी अभिमानाने म्हणाला. "तिला असल्या फरकाने काही होत नाही."

'स्वारी' हे काही त्याचं खरं नाव नव्हे. ही गाडी घेतल्यापासून बायको 'स्वारी निघाली का', 'स्वारी जेवणार का' असं विचारू लागली, आणि बघता बघता सगळ्या इमारतीने ते नाव उचललं. स्वारीचा समज असा की लोक आदराने म्हणतात. हा समज दूर करण्याइतकं त्याच्याशी कुणाचं वैर नव्हतं.

गाडी मात्र खरोखर जंगी होती. पुढे काच, दोन्ही बाजूंना सामानाचे डबे, आणि दिवे इतके की सुरू केल्यावर समोरच्या बंगल्यातला कुत्रा उठून बसायचा. घाट, वाळवंटं आणि सीमा ओलांडण्यासाठी ती बनवली होती. स्वारी तिच्यावरून ऑफिसला जायचा. उजव्या डब्यात रेनकोट असे आणि डाव्या डब्यात छत्री, रेनकोट विसरला तर लागेल म्हणून. वर्षातून एक मोठी मोहीम ठरलेली: बायकोच्या ताईचं डोंगरावरचं घर.

आणि या गाडीच्या मागच्या सीटवर एक मालिका चालायची. बायको फिजिओथेरपिस्ट. दिवसभर लोकांचे गुडघे, खांदे आणि मणके जागेवर आणायची. घरात ती दूध, गॅस आणि पंख्यावरची धूळ याशिवाय फारसं बोलत नसे, पण मागच्या सीटवर बसली, त्याच्या जॅकेटची कड मुठीत धरली, की त्याच्या कानाशी क्लिनिकच्या गोष्टी सुरू व्हायच्या. सध्या गुडघेवाले आजोबा आणि खांदेवाल्या आजी यांचं प्रकरण रंगात आलं होतं. आजोबांचा गुडघा केव्हाच बरा झाला होता, तरी ते आजींच्याच वेळेला लंगडत यायचे. त्या दिवशी गोष्ट 'आणि मग आजोबांनी सरळ विचारूनच टाकलं' इथवर आली, मागचं चाक खड्ड्यात गेलं, 'ठण्ण' असा आवाज झाला, आणि स्वारीने गोष्ट थांबवून टूरिंगचं व्याख्यान सुरू केलं. पुढचं वर आलंच आहे.

"मग आजी काय म्हणाल्या?" रात्री जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"ते गाडीवरचं आहे. घरात नाही." बायकोने वाटी सरकवली. "आणि गाडीवर मी आता बसत नाही. माझ्याकडे जे मणके येतात ना, ते कुठून येतात हे मला आज कळलं. नवरेच आणून सोडतात. ताईकडे पण या वेळी मी गाडीतून जाणार. भाऊजी न्यायला येतायत."

इथे स्वारीचा घास थांबला. भाऊजी म्हणजे बायकोच्या ताईचा नवरा, नात्याने स्वारीचा साडू. साडूकडे चार चाकांची नवी गाडी होती, आणि ती रस्त्यावरून चालत नाही, तरंगते, असं त्याचं म्हणणं होतं. हे सिद्ध करण्यासाठी तो पुढच्या फळीवर पाण्याने काठोकाठ भरलेला काचेचा ग्लास ठेवून गाडी चालवायचा. थेंब सांडला नाही की मागे वळून सगळ्यांकडे बघायचा. रस्त्याकडे बघायला त्याला त्यातून जेमतेम वेळ मिळे. बायको त्या ग्लासामागे बसून डोंगर चढणार आणि आपण मागून एकटेच 'ठण्ण ठण्ण' करत येणार, हे दृश्य स्वारीच्या डोळ्यांपुढून हलेना.

"शॉकअप गेलेत फक्त," तो म्हणाला. "ते बदलले की तू स्वतःहून बसशील."

"बदल. मग बघू," बायको म्हणाली. बारीक आवाजात तिने असंही जोडलं, "नाहीतर मी चालवते, तू मागे बसून बघ."

लग्नाआधी ती वडिलांची मोटरसायकल चालवायची. लायसन्स अजून पर्समध्ये होतं. या माहितीला स्वारी दर वेळी एकच उत्तर देई: "हो, पण ती छोटी होती."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गाडीची तपासणी करायला खाली उतरला. आपल्या देशात काय आणि इतर देशांत काय, एक माणूस गाडीपाशी उकिडवा बसला की दुसरा येऊन उभा राहतोच. इथे वरच्या मजल्यावरचे इंजिनिअरकाका आले. काका निवृत्त होते आणि त्यांनी उभ्या आयुष्यात फक्त पूल बांधले होते, त्यामुळे कुठल्याही वस्तूकडे ते 'ही कशी कोसळेल' या दृष्टीने बघायचे. त्यांनी गाडीची मागची बाजू दोन्ही हातांनी दाबून सोडली. गाडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली, आणि काकांनी बोलायला सुरुवात केली तरी हलतच राहिली.

"दांड्यावर तेल ओघळलंय बघा. धक्का गिळणारं जे होतं ते सगळं बाहेर आलं. आता नुसती स्प्रिंग राहिली. पूल का पडतो, सांगा?"

"का?"

"भार चुकीचा धरला म्हणून. नेहमी. बाकी सगळी कारणं वर्तमानपत्रवाल्यांची."

स्वारीने मान डोलावली. हे वाक्य त्याने तेव्हा लक्ष देऊन ऐकलं असतं तर ही कथा इथेच संपून सगळ्यांचा वेळ वाचला असता.

कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला विचारलं. हा मेकॅनिक जगातल्या कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर द्यायचा.

"कंपनीचे टाकू की बाहेरचे?"

"होऊन जाईल."

"अरे पण कुठले?"

"कुठलेही आणा. होऊन जाईल."

मग स्वारीने निवडीचं काम ऑफिसच्या वेळात हाती घेतलं. तो विमा कंपनीच्या छाननी विभागात होता. लोकांनी आपल्या प्रकृतीबद्दल दिलेल्या माहितीवर संशय घ्यायचा पगार त्याला मिळायचा, आणि त्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. "स्वतःचं वजन खरं सांगणारा माणूस मला अजून भेटायचाय," असं तो जेवणाच्या सुट्टीत म्हणायचा, दुसरा डबा उघडत. त्या आठवड्यात कित्येक अर्जदारांनी आपली वजनं बिनधास्त चोरली आणि ती खपूनही गेली, कारण छाननी अधिकारी स्प्रिंगांची चित्रं बघत होता. शेवटी त्याला एक दुकान सापडलं. दूरच्या शहरातलं हे दुकान साधे शॉकअप विकतच नसे. गाडीवर बसणाऱ्यांच्या वजनाप्रमाणे स्प्रिंग बनवून द्यायचं. मालकाचा फोटोही होता. एखाद्या शल्यविशारदासारखा हाताची घडी घालून उभा.

सुट्टीच्या दिवशी दिवाणखान्यात बसून स्वारीने दुकानाला फोन लावला. बायको समोर वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती.

"स्पीकरवर ठेव," ती म्हणाली. "बसणार मी आहे, मला ऐकू दे."

दुकानदाराने गाडीचं मॉडेल विचारलं, रस्ते कसे ते विचारलं, आणि मग घसा खाकरला.

"आता वजनं. आधी मागे बसणाऱ्याचं सांगा. मागचं महत्त्वाचं. ते थेट चाकावर येतं."

बायकोच्या हातातला उशीचा अभ्रा हवेतच थांबला. तिने वर बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं. संसारात स्वारी जे थोडंफार शिकला होता त्यानुसार हा क्षण फार जपून पार करायचा होता. खरा आकडा सांगावा तर तो माहीत नव्हता. विचारावा तर विचारण्यासारखी ती गोष्ट नव्हती. अंदाजाने सांगावा आणि तो किलोभर जास्त निघावा, तर मागची सीटच काय, घरातली खुर्चीही रिकामी राहायची.

"बेचाळीस," तो ठामपणे म्हणाला.

दुकानदाराने आकडा पुन्हा विचारून घेतला. "लहान मूल आहे का?"

"बायको आहे."

"बरं. तब्येत सांभाळा त्यांची. आता तुमचं."

इथे दुसरी अडचण उभी राहिली. मागे बेचाळीस किलोची नाजूक बाई असताना पुढच्या माणसाने खरा आकडा सांगितला तर चित्र कसं दिसलं असतं? दुकानदाराने काय कल्पना केली असती? शोभा म्हणून काही असते की नाही? स्वारीने पोट आत घेतलं. फोनवर त्याचा उपयोग नव्हता, पण आकडा सांगायला धीर आला.

"बासष्ट."

बायकोला ठसका लागला. लग्नातल्या फोटोत स्वारी खरोखर बासष्ट किलोचा होता, त्यामुळे तो खोटं बोलत नव्हता. तो इतिहास सांगत होता.

"सामान?"

"सामान आम्ही नेत नाही."

"काहीच नाही? टूरिंगच्या गाडीवर?"

"रुमाल असतो."

"म्हणजे सगळं मिळून एकशे चार," दुकानदार म्हणाला. "हे बघा, स्प्रिंग एकदा बनली की परत घेत नाही. वजनं नीट सांगितलीत ना? लोक फार खोटं बोलतात हो."

"मला काय सांगता!" स्वारी उसळून म्हणाला. "मी विम्यात आहे."

फोन ठेवल्यावर बायकोने न सांगता चहा केला. कप त्याच्या हातात देताना ती "चांगलं बोललास हं" म्हणाली. स्वारीला वाटलं, आकडा पोचला. त्यानंतर त्याला थोडी टोचणी लागली हे खरं. ऑफिसातून त्याने गुपचूप दुकानाला फोन करूनही बघितला. पण पलीकडून "हां, बोला, बेचाळीसवाले" असं ऐकू आलं आणि शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी मान वर केली. स्वारीने "चुकीचा नंबर" म्हणून फोन ठेवला. स्वतःच लावलेला होता, तरीही.

शॉकअप बनून यायच्या आत ते बसवायची जागा मिळवायची होती. मेकॅनिकचं दुकान म्हणजे रस्त्याची कड, आणि त्या कडेला सध्या कुणीतरी खोदून ठेवलं होतं. तेव्हा काम इमारतीच्या वाहनतळात करायचं ठरलं, आणि वाहनतळ म्हटला की इमारतीचे सचिव आले. सचिवांना पाट्यांचा नाद होता. 'येथे थांबू नये' या पाटीशेजारी 'पाटी वाचण्यासाठीही थांबू नये' अशी पाटी त्यांनी स्वखर्चाने लावली होती.

"वाहनतळात दुरुस्तीला मनाई आहे," सचिव म्हणाले.

"दुरुस्ती नाही. बदली आहे."

"बदली म्हणजे जुनं काढून नवं बसवणार?"

"हो."

"मग ते नूतनीकरण झालं. त्याला दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांची हरकत नको."

"डावीकडे इंजिनिअरकाकांची गाडी असते. त्यांची हरकत नाही."

"आणि उजवीकडे?"

"उजवीकडे तुमची असते."

सचिव गंभीर झाले. "मग मला माझ्याशी बोलावं लागेल. घाई करू नका, मी सहजासहजी ऐकत नाही."

सचिवांची सचिवांशी बोलणी चालू असताना शॉकअपचं खोकं कुरियरच्या कचेरीत येऊन पडलं. ते सोडवायला स्वारी ओळखपत्र घेऊन गेला. खिडकीमागच्या माणसाने फोटो बघितला, स्वारीला बघितलं, आणि पुन्हा फोटो बघितला.

"हे दुसऱ्याचं आहे."

"माझंच आहे."

"या फोटोतला माणूस बारीक आहे."

"तो मीच आहे!"

"असेल," खिडकीमागचा माणूस समजुतीने म्हणाला, "असेल आत कुठेतरी. पण खोकं त्यालाच द्यावं लागतं."

शेवटी सहीवर काम भागलं. सही अजून बारीक होती.

सचिवांनी स्वतःची हरकत मागे घेतली ती बरोबर ताईकडे जायच्या दिवशी सकाळी. अट एकच, तेल सांडता कामा नये. स्वारीने कपाटातून हाताला लागली ती चादर आणून गाडीखाली अंथरली. बायकोने गॅलरीतून खाली बघितलं, चादर ओळखली, आणि काही न बोलता आत गेली. अशा शांततेचं काय करायचं हे विम्याच्या नियमावलीत नाही.

मेकॅनिकने गाडी मधल्या स्टँडवर चढवली, डबे उतरवले, मग डब्यांची चौकट उतरवली, मग सायलेन्सर उतरवला. दोन शॉकअपसाठी निम्मी गाडी चादरीवर आली. खालचा बोल्ट गंजून बसला होता. मेकॅनिक त्याच्यावर लोंबकळला, स्वारी मेकॅनिकला धरून लोंबकळला. "होऊन जाईल, होऊन जाईल" म्हणता म्हणता बोल्ट अचानक सुटला आणि दोघेही सचिवांच्या गाडीच्या दिशेने गेले. सचिवांनी आधी गाडी तपासली, मग माणसं. जुना शॉकअप हातात घेऊन काकांनी दाबला. तो दबला आणि दबूनच राहिला, वर यायची त्याला इच्छाच नव्हती. स्वारीला आपल्या विभागप्रमुखांची आठवण झाली.

नवे शॉकअप मात्र देखणे होते. पिवळ्याधमक स्प्रिंगा, चकचकीत दांडे, आणि भार कमीजास्त करायला खाली एक फिरती कडी. येणाराजाणारा प्रत्येक जण स्प्रिंगला एकेकदा बोट लावून गेला. सचिवांनी दोनदा लावलं.

"आता मापून घ्यायचं," काकांनी खिशातून टेप काढली. "गाडी रिकामी असताना चाकाच्या मध्यापासून सीटच्या कडेपर्यंत किती, तुम्ही बसल्यावर किती, दोघं बसल्यावर किती. जेवढं दबायला हवं तेवढंच दबलं पाहिजे. हां, बसा."

स्वारी बसला. म्हणजे तो आधी बसला आणि मग आणखी बसला. काकांनी टेप लावली, चष्मा पुसला, पुन्हा लावली.

"उतरा. पुन्हा बसा. सावकाश."

पुन्हा तेच. मेकॅनिकने कडी फिरवून घट्ट केली, आणखी घट्ट केली, कडी संपली. "होऊन जाईल," तो म्हणाला, पण त्याच्या आवाजातला विश्वास प्रथमच गेला होता. तेवढ्यात बायको हेल्मेट घेऊन खाली आली. पायात बूट, पाठीला पिशवी, तयार होऊन. स्वारीचा जीव सुपाएवढा झाला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि मागे बसली.

"ठण्ण," नवे शॉकअप म्हणाले.

जुन्या शॉकअपना हा आवाज काढायला निदान खड्डा तरी लागायचा.

"स्प्रिंग किती वजनाला बनवलीय?" काकांनी विचारलं.

"एकशे चार," स्वारी पुटपुटला.

"दोघं मिळून?" काकांनी एकदा त्याच्याकडे आणि एकदा बायकोकडे बघितलं. निवृत्त माणसाची सगळी सभ्यता गोळा करून ते म्हणाले, "हे बघा, माझ्यापाशीच राहील. तुमची खरी वजनं सांगा."

"माझं एकसष्ट," बायको हेल्मेटचा पट्टा नीट करत म्हणाली. पुढचा पेशंट आत बोलवावा अशा आवाजात, सगळ्या वाहनतळाला ऐकू जाईल असं.

मग सगळे स्वारीकडे वळले.

"सकाळचं सांगू की संध्याकाळचं?" स्वारी म्हणाला.

"कुठल्याही वेळचं सांगा."

"कपड्यांसकट?"

"इथे त्याशिवाय परवानगी नाही," सचिव म्हणाले.

"राहू दे, तुम्ही नका सांगू," काकांचा आता हुरूप वाढला. "स्प्रिंगच सांगते. किती दबली ते माझ्याकडे आहे, किती वजनाला किती दबते ते खोक्यावर छापलंय." मेकॅनिकने मोबाइलवर गणित धरलं, काका मोठ्याने आकडे सांगू लागले, सचिव गुणाकार तपासू लागले. वरच्या दोन गॅलऱ्यांतून माणसं वाकली. आयुष्यभर पूल पडण्याची वाट बघितलेल्या माणसाच्या समाधानाने काकांनी निकाल दिला. "त्र्याण्णव. फार तर चौऱ्याण्णव."

"भार चुकीचा धरला," मेकॅनिक हळूच म्हणाला. काकांनी त्याच्याकडे कौतुकाने बघितलं.

बायको खाली उतरली. "तू बेचाळीस म्हणालास, तेव्हा मला वाटलं भाव पाडतोयस. म्हणून तर गप्प बसले. चहा पण केला."

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"मला? मी दिवसभर माणसांना काट्यावर उभं करते रे! सकाळी पहिली मीच उभी राहते, काटा चालतो का ते बघायला. सरळ विचारायचं ना." मग ती जरा थांबली. "मला वाईट वाटेल म्हणून माझं कमी सांगितलंस, ते कळलं. तुझं कुणाला वाईट वाटेल म्हणून कमी सांगितलंस?"

उत्तर द्यायला वेळ मिळाला नाही, कारण फाटकातून साडूची गाडी तरंगत आत आली. पुढच्या फळीवर भरलेला ग्लास. शेजारी ताई, तिच्या चेहऱ्यावर त्या ग्लासाबरोबर संसार केल्याचा थकवा. साडूने काच खाली केली. त्याने चादर बघितली, जुने शॉकअप, नवे शॉकअप, टेप आणि जमलेली गर्दी बघितली, आणि तोंडभर हसून म्हणाला, "काय साडूभाऊ, तयारी कुठवर? चला, वहिनी... आपलं ते हे, चला मेव्हणीबाई, बसा. आमच्यात ठण्ण नाही."

बायकोने पिशवी उचलली. स्वारीने मान खाली घातली. खाली चादर होती. तिच्यावर तेलाचा एक डाग पडलेला त्याला तेव्हाच दिसला.

"एक मिनिट," काका म्हणाले. त्यांच्यातला इंजिनिअर स्वस्थ बसेना. "स्प्रिंग उत्तम आहे हो. वाया घालवणं पाप आहे. एकशे चार म्हणजे... एक बेताचं माणूस आणि भरलेले डबे. बाई, तुम्ही जरा पुढे बसून बघता?"

बायको पुढच्या सीटवर बसली. पाय जमिनीला पोचले. मेकॅनिकने सायलेन्सर, चौकट आणि डबे परत अडकवले, तिने एका डब्यात आपली पिशवी आणि दुसऱ्यात स्वारीची बॅग ठेवली. मेकॅनिकने कडी दोन घरं सैल केली. काकांनी टेप लावली आणि बराच वेळ ते टेपकडेच बघत राहिले.

"अगदी बरोबर," ते हळव्या आवाजात म्हणाले. "पुस्तकातल्यासारखं."

"झालं," मेकॅनिक म्हणाला. हा शब्द त्याच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता.

बायकोने स्वारीपुढे तळहात पसरला. स्वारीने एकदा किल्लीकडे बघितलं, एकदा साडूकडे, एकदा गॅलऱ्यांकडे. "ही मोठी आहे," तो म्हणाला. बायकोने हात मागे घेतला नाही. त्याने किल्ली तिच्या हातावर ठेवली. गेले कित्येक दिवस त्याला एकच हवं होतं, बायकोने साडूच्या गाडीतून न जाता मोटरसायकलवरून जावं. ते अक्षरशः साधलं होतं. तपशिलात थोडा फरक पडला होता एवढंच.

साडूच्या गाडीत ताई पुढे होती म्हणून स्वारीला मागची सीट मिळाली. गाडी खरोखर तरंगत होती. साडू दर वळणाला विचारायचा, "जाणवतंय काही?" आणि स्वारी म्हणायचा, "काही नाही." हे खरंही होतं. घाट लागल्यावर मागून दिव्यांचा लखलखाट आला, आणि त्याची टूरिंग मोटरसायकल त्याच्याशिवाय पहिल्यांदाच घाट चढत त्यांच्या बाजूने पुढे गेली. खड्डा आला, मागचं चाक खाली जाऊन वर आलं, पण सीट जागची हलली नाही. बायको ताठ बसली होती. हेल्मेट मात्र किंचित हलत होतं, म्हणजे ती बोलत होती. कानाशी कुणी नसताना, एकटीच. स्वारीने काचेला नाक लावलं. काहीही ऐकू आलं नाही, नव्या गाड्यांची हीच खोड असते.

अर्ध्या वाटेवर चहाला थांबले तेव्हा साडू मोटरसायकलभोवती एक चक्कर मारून आला. स्प्रिंगला त्यानेही बोट लावलं. "चांगले दिसतायत. कुठून घेतले?"

"घेतले नाहीत, बनवून घेतले," स्वारी कप खाली ठेवत, बऱ्याच दिवसांनी ताठ मानेने म्हणाला. "हिच्या वजनाला मापून."

बायको चहा पिताना ठसकली, पण तिने काही खोडून काढलं नाही. निघताना सगळे गाडीत बसल्यावर ती मागच्या काचेशी आली. हेल्मेट घातलेलं, पुढची काच वर. तिने बोटाने टकटक केली. स्वारीने काच खाली केली. ती वाकली, मागच्या सीटवरून बोलायची तशी अगदी त्याच्या कानाशी आली.

"आजी हो म्हणाल्या," ती म्हणाली. "बाकीचं नंतर. आधी त्र्याण्णवचं बघ."

तिने हेल्मेटची काच खाली ओढली आणि गेली. स्वारी खिडकीला चिकटून बसला, वळणामागे मागचा लाल दिवा दिसेनासा होईपर्यंत बघत राहिला. कुणी पाहील म्हणून त्याने रुमाल काढला नाही. रुमाल तसाही डब्यात होता, सामान म्हणून.

"साडूभाऊ," पुढून आवाज आला. साडू रस्त्याकडे नव्हे, ग्लासाकडे बघत होता. पाणी डाव्या काठावरून एक एक थेंब फळीवर उतरत होतं. "जरा मधे सरकता का? गाडी तुमच्या बाजूला बसतेय."

स्वारी सगळी प्रतिष्ठा गोळा करून मधे सरकला. पाणी हललं, सरळ झालं, थेंब थांबले. पुढे ताईने सुटकेचा श्वास टाकला.

सकाळी जे जमवायला इतक्या लोकांचे हात लागले होते, ते सस्पेन्शन स्वारीने एकट्याने, नुसतं बसून, बरोबर करून दिलं होतं.